शंभर पावलांवर

गाडी म्हणजे काय, तर बाबागाडीची दोन चाकं,
सातपूरच्या भंगारातून तोलून आणलेली.
वर पाऊण इंची पाइपची चौकट. वेल्डिंग माझं.
चौतीस वर्षं टूलरूममध्ये
मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजत बसलो,
आणि ही चौकट डावीकडं चांगली दोन सूत खाली.
तडवी म्हणाला, "राहू द्या साहेब. पाण्याला काय कळतंय."

कयाक पिवळी, बारा फुटी,
बंद पडलेल्या एका रिसॉर्टची.
पोटावर अर्धवट खरवडलेला आकडा : सात.
दोघांत घेतली.
घरी मी माझा वाटा निम्माच सांगितला.

पहिल्या रविवारी,
गंगाव्हऱ्याच्या पलीकडं जिथं मुरमाचा उतार
धरणाच्या पाण्यात शिरतो, तिथं
मी पट्टे असे आवळले की बोटं लाल.
निम्म्या उतारावर चाक दगडाला अडलं.
गाडी थांबली.
कयाक थांबली नाही.
तिच्या पाठीवरून घसरली,
माझ्या हातातला दोर घेऊन गेली,
आणि पाण्यावर जाऊन आडवी राहिली
दोन्ही पट्टे पोटाला घट्ट, अगदी नीटनेटके.

तडवी खालीच बसला हसत.
"तुम्ही नाव नावेलाच बांधली की हो.
गाडीला विचारलंच नाही."

पिंपळगावला बावीस वर्षं
कांद्याच्या ट्रकांवर दोर ताणलेला माणूस.
पट्टा आधी चौकटीच्या खालून, म्हणाला,
मग वरून, मग परत खालून.
चाकं मध्याच्या जरा मागं;
नाक उचलून बघा, हाताला पिशवीएवढं जड लागलं
की बरोबर.
बकलाखाली फडकं. पीळ नको.
उरलेलं टोक खोचा, नाहीतर चाक ते खातं
आणि मग तुम्ही तोंडावर.
"आणि एवढं आवळू नका.
बांधलेल्या मालाला श्वास घेता आला पाहिजे,
उडी मारता नाही आली पाहिजे."

मग शंभर पावलं चालायचं.
थांबायचं. परत ओढायचं.
का, तर पट्टा पहिल्या शंभर पावलांत
खोटं बोलतो.

पौषातली एक पहाट. थंडी अशी की
द्राक्षबागांतून ओळीओळीला शेकोट्या,
धूर जमिनीलगतच रेंगाळलेला.
टेम्पो वेशीपाशी लावून आम्ही गावातून निघालो.
कयाकवर आमच्याकडची जुनी पांढरी चादर,
पुढं मी, डावीकडं तडवी,
दोघंही गप्प, कारण दात वाजत होते.
शेकोटीपाशी बसलेला एक जण उठला.
माकडटोपी काढली. चपला काढल्या.
हात जोडून उभा.
मी सांगायला तोंड उघडलं,
तोवर तडवीनं मान लववली होती.
"कोण हो?" त्यानं हळूच विचारलं.
"सात नंबर," तडवी म्हणाला.
वळणापर्यंत आम्ही दम धरला. वळणानंतर
कयाकवर ओणवे होऊन हसलो,
पट्टे सैल होईस्तोवर.

दिवाळीपासून तडवी यावलला, मुलीकडं.
गुडघ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं व्हायचंय.
फोनवर पाण्याचं काही विचारत नाही.
बदकं आली का, पातळी किती, काही नाही.
"टोक खोचलं?" एवढंच.

आज एकटाच गेलो.
खालून, वरून, परत खालून.
नाक उचलून बघितलं : पिशवीएवढं.
शंभरावर थांबलो, ओढलं,
बोटभर पट्टा आला हातात.
पुढं निघालो तर गाडी सारखी डावीकडं.
सरळ करावी, पुन्हा बांधाकडं.
हवा बघितली, आस बघितला, चाकातले खडे काढले.
मग ती दोन सुतं आठवली.
चार वर्षांत एकदाही जाणवली नव्हती.
त्या अंगाला तडवी चालायचा,
गुडघ्यानं गाडी
जरा जरा उजवीकडं लोटत.